अठरा तासांचा अभ्यास आणि मिटलेले पुस्तक

दरवर्षी १४ एप्रिलच्या आगेमागे आपल्या वस्त्यांतून, वसतिगृहांतून आणि विद्यापीठांतून मुले सलग अठरा तास अभ्यासाला बसतात. बाबासाहेबांना अभिवादन करण्याची ही आपली एक रीतच होऊन गेली आहे. आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या विहारांतूनही त्या दिवसांत सतरंज्या अंथरल्या जातात, चहाचे पातेले चढते आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत पाने उलटण्याचा आवाज येत राहतो. मी स्वतः विद्यार्थिदशेत असा बसलेलो आहे आणि प्राध्यापक झाल्यावर मुलांना बसवलेलेही आहे. ज्यांच्या बापजाद्यांना अक्षराला शिवू दिले गेले नाही, त्यांची पोरे अठरा अठरा तास पुस्तकापुढून हलत नाहीत, हे दृश्य पाहून ज्याचा ऊर भरून येत नाही त्याला आपली चळवळ कळलीच नाही, असे मी म्हणेन.

परंतु त्या अठरा तासांत मुले नेमके करतात काय, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. आणि तो पडण्यासाठी माझ्या एका विद्यार्थ्याला नापास व्हावे लागले. ह्या लेखात मी जे मांडणार आहे ते त्या नापाशीतून हाती लागलेले आहे. त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे, आणि ती लपवून पुढचे काही सांगता येणार नाही.

१

मी प्राणिशास्त्र शिकवतो. माझे वडील सालदार होते. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. डॉक्टर हा मनुष्य मी लहानपणी फक्त खाटेच्या ह्या बाजूने पाहिला. त्याच्या बाजूला उभे राहून जग कसे दिसते ते मला आजही ठाऊक नाही. मला शरीररचना येते ती बेडकाची आणि झुरळाची. तरीही आमच्याकडची मुले वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी माझ्याकडेच येतात, कारण त्यांना विचारायला दुसरे कोणी नसते.

वाशीम हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा काढलेला जिल्हा. यवतमाळला १९८९ साली आणि अकोल्याला २००२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले. आमच्या जिल्ह्याला त्यासाठी २०२४ सालापर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी ९ ऑक्टोबरला राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे एकाच वेळी उद्घाटन झाले आणि त्यांत वाशीमचे नाव होते. तोवर आमच्या मुलाला डॉक्टर व्हायचे म्हणजे जिल्हा सोडणे भागच होते.

ज्या विद्यार्थ्याविषयी मी बोलतो आहे तो मालेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातला. त्याचे नाव सांगत नाही. आई दुसऱ्याच्या वावरात निंदणाला, सोंगणीला जाते. बारावीपर्यंत मराठी आणि अर्धेमुर्धे इंग्रजी, प्रवेशपरीक्षेचे दोन प्रयत्न, आणि मग विदर्भातल्या एका शासकीय महाविद्यालयात एमबीबीएसला प्रवेश. गावात त्याची मिरवणूक निघाली. तीत मीही होतो.

पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन असे तीन विषय असतात. पहिल्या चाचणीत तो मागे पडला तेव्हा त्याने मला फोन केला. मी त्याला सांगितले, "बाबासाहेब अठरा तास बसत. तू तास वाढव." त्याने माझा शब्द मानला आणि तास वाढवले. झोप चार तासांवर आणली. वर्षाच्या परीक्षेत तो दोन विषयांत नापास झाला.

वैद्यकातली नापाशी ही कला शाखेतल्या नापाशीसारखी नसते. पुरवणी परीक्षा काही आठवड्यांतच येते. तीत पास झाले तर आपल्याच तुकडीबरोबर पुढे जाता येते. नाही झाले तर मागच्या तुकडीत जाऊन बसावे लागते. पहिल्या वर्षासाठी एकंदर चारच प्रयत्न मिळतात, असा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा २०२३ सालचा नियम आहे. त्या चार प्रयत्नांतला एक संपवून तो सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत गावी आला. मिरवणूक ज्या रस्त्याने निघाली होती त्या रस्त्याने तो दिवसा जात नव्हता.

२

मी त्याला विहारात बोलावले आणि पुस्तके घेऊन यायला सांगितले. पुस्तक उघडले तर प्रत्येक पान पिवळे, गुलाबी, हिरवे. एक ओळ रंगवल्याशिवाय सोडलेली नव्हती. "किती वेळा वाचलेस?" म्हणून विचारले. तो म्हणाला, "सर, चार वेळा. वाचताना सगळं येतं. पेपर हाती आला की डोकं कोरं."

मी पुस्तक मिटले आणि म्हणालो, "ह्या पानावर काय होते ते सांग." तो पाच मिनिटे गप्प बसला. मग डोळ्यांतून पाणी काढले.

त्या क्षणी मला माझेच शिक्षण आठवले. मीही असाच शिकलो होतो. घोकत, रंगवत, पान डोळ्यांखालून घालत. पाठांतराच्या बळावर पदवी निघाली, कारण विषय लहान होता आणि प्रश्न ठरलेले होते. वैद्यकाचा डोंगर त्या बळाने चढता येत नाही. आणि मी त्याला सल्ला दिला होता तो तेच बळ वाढवण्याचा.

त्यानंतर मी अभ्यास ह्याच विषयाचा अभ्यास केला. लहानपणापासून आपण ज्या शब्दाच्या नावाने मार खातो त्या शब्दावर जगभर किती संशोधन झाले आहे, ह्याची मला कल्पना नव्हती.

३

अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिके ह्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत कागद समोर न ठेवता, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. त्यांना ८३ टक्के आठवत होते आणि आठवून लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा वाचणाऱ्यांचे ४० टक्क्यांवर आले आणि आठवून लिहिणाऱ्यांचे ६१ वर राहिले. ह्यात आणखी एक गोष्ट आहे. आपल्याला हे पुढे आठवेल अशी खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक वाटत होती.

माझ्या विद्यार्थ्याचे दुःख ह्या आकड्यांत जसेच्या तसे आहे. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो. ओळखीच्या वाटण्याला आपण येणे समजतो. रस्त्यात भेटलेला मनुष्य ओळखीचा वाटतो, पण नाव विचारले तर सांगता येत नाही, तसे हे आहे. परीक्षक आणि रोगी हे दोघे नाव विचारणारे असतात. ओळख दाखवून त्यांचे भागत नाही.

हा प्रयोग साध्या उताऱ्यावर झाला, वैद्यकाचे काय, असे कोणी म्हणेल. त्याच विद्यापीठात लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली निवासी डॉक्टरांवर प्रयोग प्रसिद्ध केला. फिट न थांबणे आणि स्नायूंचा एक दुबळेपणाचा विकार असे दोन विषय शिकवले. एका विषयाची पुन्हा पुन्हा उजळणी दिली, दुसऱ्याची पुन्हा पुन्हा चाचणी घेतली. सुमारे सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा चाचणी दिलेल्या विषयात ३९ टक्के गुण होते आणि नुसत्या उजळणीच्या विषयात २६.

२०१३ साली डनलॉस्की आणि इतरांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींविषयीचे तोवरचे सारे संशोधन तपासले. त्यांतल्या दोनच पद्धतींना त्यांनी सर्वांत उपयुक्त ठरवले: स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांवर पसरून करणे. ओळी रंगवणे, पुन्हा पुन्हा वाचणे आणि सारांश काढणे ह्यांना खालची जागा मिळाली. आपली मुले आयुष्यभर नेमके हेच तीन प्रकार करीत असतात, कारण आपण शिक्षकांनी त्यांना दुसरे काही शिकवलेलेच नाही.

"तू डोळ्यांनी शिकणारा, तो कानांनी शिकणारा" अशी वर्गवारी करून पैसे घेणारे शिबिरवालेही हल्ली तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले आहेत. पाश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली ह्या कल्पनेची छाननी केली. मुलाचा प्रकार ठरवून त्याप्रमाणे शिकवल्याने तो अधिक शिकतो, ह्याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. माणसांच्या जन्मावरून बुद्धीचे प्रकार पाडणारी एक व्यवस्था आपण भोगलेली आहे. पुराव्याशिवाय कोणी पुन्हा प्रकार पाडू लागला तर आपण तरी सावध असले पाहिजे.

४

आता आम्ही प्रत्यक्षात काय केले ते सांगतो.

तो अकरा दिवस गावी होता. पहिला नियम असा केला की एक पान वाचायचे, पुस्तक मिटायचे आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचे. मग पुस्तक उघडून जे राहिले ते वेगळ्या शाईने भरायचे. पहिल्या दिवशी कागदावर निळ्यापेक्षा लाल जास्त होते. त्याला हे सहन होईना. पुन्हा वाचण्यात सुख होते, ह्यात अपमान होता. परंतु आठवण्याचा जो त्रास होतो तो त्रास म्हणजेच शिकणे, हे मी त्याला पुन्हा पुन्हा सांगत राहिलो, आणि खरे सांगायचे तर स्वतःलाही सांगत राहिलो.

चौथ्या दिवशी त्याची आई विहाराच्या दारात आली आणि मला म्हणाली, "सर, थो तं पुस्तक झाकून भिंतीकडे पाह्यत बसते. मंग अभ्यास कवा करते?" तिला वाटले पोरगा खचला. तिच्या लेखी उघडे पुस्तक म्हणजे अभ्यास. तिची काय चूक? माझ्याही लेखी कालपर्यंत तेच होते.

चित्रांचे काम विहाराच्या शहाबादी फरशीवर खडूने केले. हाताला जाणाऱ्या मज्जातंतूंचे एक जाळे मानेतून निघते. पुस्तकात ते पाहिले की पोटात गोळा येतो. पण ते झाडासारखे आहे: पाच मुळे, तीन खोडे, सहा फाटे, तीन दोर आणि पाच मुख्य शाखा. पुस्तक न पाहता ते काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. आणि प्रत्येक शाखेपाशी एक प्रश्न: ही तुटली तर कोणते काम थांबेल? मनगट लोंबेल की मूठ उघडणार नाही? "का" आणि "म्हणून काय" हे दोन प्रश्न विचारल्याने सुटी माहिती एकमेकींना बांधली जाते, आणि बांधलेली माहिती सहसा सांडत नाही.

दुसरा नियम अंतराचा. एबिंगहाउस ह्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरे स्वतःच पाठ करून आणि स्वतःचेच विसरणे मोजून १८८५ साली दाखवले होते की माणूस शिकल्यानंतर आरंभी झपाट्याने विसरतो आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून एकाच बैठकीत दहा वेळा घोकण्यापेक्षा, विसरायला लागल्यावर पुन्हा आठवणे, आणि दर वेळी अंतर वाढवणे, हे फायद्याचे ठरते. लाइटनर ह्या जर्मन लेखकाने १९७२ साली ह्यासाठी खणांच्या पेटीची युक्ती सांगितली. आम्ही ती बुटांच्या खोक्यात केली. कार्डांसाठी लग्नपत्रिका कापल्या; आपल्या घरी लग्नपत्रिकांना तोटा नसतो आणि त्यांची एक बाजू बहुधा कोरी असते. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. खोक्यात पुठ्ठ्याचे पाच खण. नवे कार्ड पहिल्या खणात. तो रोज विचारायचा. उत्तर आले की कार्ड दुसऱ्या खणात. तो तीन दिवसांनी. मग आठवड्याने, पंधरा दिवसांनी, महिन्याने. चुकले की कार्ड कुठल्याही खणातून थेट पहिल्यात परत. त्यामुळे जे येते त्यावर वेळ जात नाही आणि जे येत नाही ते लपून राहत नाही. ज्याच्याजवळ मोबाइल आहे त्याला हेच काम 'आन्की' नावाच्या प्रणालीवर करता येते. अँड्रॉइड फोनवर आणि संगणकावर ती विनामूल्य मिळते, आणि त्या जपानी शब्दाचा अर्थ पाठांतर असाच आहे. मात्र दुसऱ्याने केलेली हजारो कार्डे उतरवून घेण्यापेक्षा आपली शंभर आपण करावीत, असा माझा अनुभव आहे. प्रश्न तयार करताना अर्धा धडा समजतो.

तिसरा नियम सरमिसळीचा. सोमवारी फक्त हाडे, मंगळवारी फक्त स्नायू, असे केले की प्रश्न कुठून येणार ते आधीच ठाऊक असते. रोगी मात्र धड्याच्या क्रमाने येत नाहीत. हृदयाचे विद्युत आलेख वाचायला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर कॅनडात एक प्रयोग झाला आणि २००३ साली प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या रोगांचे आलेख मिसळून सराव केलेले विद्यार्थी, एकेक रोग वेगळा घेऊन सराव केलेल्यांपेक्षा, नवे आलेख अधिक अचूक ओळखत होते. म्हणून आम्ही कार्डे पत्त्यांसारखी पिसत होतो.

चौथी गोष्ट झोपेची. दिवसा शिकलेले रात्री झोपेत मेंदू पक्के करतो, हे आता सिद्ध झालेले आहे. चार तास झोपून अठरा तास वाचणारा मुलगा पेरलेले रात्री उकरून काढतो. मी त्याला सहा-सात तास झोपण्याची सक्ती केली. आधी ज्याने झोप कमी करायला सांगितले त्यानेच आता झोप म्हणून सांगावे, ह्याचे त्याला हसू आले. त्या अकरा दिवसांत तो हसला तो तेवढाच.

५

भाषेचा प्रश्न वेगळा घेतला पाहिजे. प्रवेशपरीक्षा मराठीतून देता येते. प्रवेश मिळाल्यावर सारे इंग्रजीतून. मध्य प्रदेशात १६ ऑक्टोबर २०२२ रोजी पहिल्या वर्षाच्या तीन विषयांची हिंदी पुस्तके निघाली. आपल्याकडे काय व्हावे ह्याची चर्चा जरूर व्हावी. पण आज जो मुलगा वर्गात बसला आहे त्याने काय करावे?

आम्ही असे केले की समजून घ्यायचे मराठीत आणि उत्तर द्यायचे इंग्रजीत. आधी वऱ्हाडीत मला सांग की मूत्रपिंड काय करते. मी मधेमधे अडाण्यासारखे प्रश्न विचारीत असे. ते सांगता आले की तेच पाच साध्या इंग्रजी वाक्यांत, मोठ्याने, उभे राहून. तोंडी परीक्षेत आपला मुलगा बहुधा अज्ञानापेक्षा वाक्याच्या भीतीने पडतो. पाच वाक्यांचा सराव ही भीती बरीच घालवतो.

आणि वैद्यकातले ते अगडबंब शब्द? त्यांचे मूळ ग्रीक आणि लॅटिन आहे. 'नेफ्रॉस' म्हणजे मूत्रपिंड, 'हेपार' म्हणजे यकृत, शेवटी 'आयटिस' आले की दाह, 'एक्टमी' आले की कापून काढणे. अशी काही मुळे आली की शेकडो शब्द उकलतात. शहरातल्या इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलाच्या आईच्या तोंडीही हे शब्द नसतात. येथे तरी दोघेही परकेच आहेत, हे कळल्यावर माझ्या विद्यार्थ्याच्या पाठीचा कणा थोडा सरळ झाला.

उलट काही गोष्टी आपल्या मुलाजवळच असतात. विदर्भात अनुसूचित जाती-जमातींत सिकलसेलचा आजार बराच आहे. त्याच्या नात्यात एका मुलीला तो आहे. अंग दुखू लागले की तिला खाटेवर धरून ठेवावे लागते, हे त्याने पाहिलेले. पुस्तकात हाच आजार तीन ठिकाणी विखुरलेला होता. आम्ही तो एका कागदावर आणला. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते: हे जीवरसायन. प्राणवायू कमी झाला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवते: ही शरीरक्रिया. डाव्या बाजूला नवव्या ते अकराव्या बरगडीआड असलेली प्लीहा वारंवार रक्त तुंबून निकामी होते आणि मग जंतुसंसर्ग बळावतात: येथे शरीररचना आली. आणि आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारांत एक. लग्न जुळवताना ही तपासणी आपल्या समाजात किती ठिकाणी होते? तो म्हणाला, "सर, हे मला आता मरेपर्यंत विसरता येणार नाही." नवे ज्ञान जुन्या ज्ञानाच्या खुंटीला अडकवले की टिकते. आपल्या मुलांजवळ अशा खुंट्या नाहीत असे ज्यांना वाटते त्यांनी आपली घरे आतून पाहिलेली नाहीत.

६

परंतु अभ्यासपद्धतीवर सारे सोपवून मोकळे होता येणार नाही. एकटा मुलगा कितीही शहाणपणाने शिकला तरी एकटेपणच त्याला खाऊन टाकते.

१९७० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथे यूरी ट्रिस्मन ह्या गणितज्ञाला दिसले की कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये मोठ्या संख्येने नापास होतात. का, असे त्याने सहकाऱ्यांना विचारले. उत्तरे आपल्या ओळखीची आहेत: पाया कच्चा, घरची गरिबी, घरच्यांना शिक्षणाची आस्था नाही, इच्छाशक्ती कमी. ट्रिस्मनने ही उत्तरे मानली नाहीत. त्याने वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी घेऊन त्यांच्या राहण्याच्या जागी जाऊन ते अभ्यास कसा करतात ते पाहिले. कृष्णवर्णीय मुले मेहनती होती, पण अभ्यास एकटी करीत. चिनी मुले आधी एकट्याने आणि मग एकत्र बसत. उत्तरे ताडून पाहत, एकमेकांची परीक्षा घेत, कोणत्या प्राध्यापकाला काय आवडते तेही एकमेकांना सांगत. ट्रिस्मनने कृष्णवर्णीय मुलांसाठी 'कच्च्यांचा वर्ग' काढला नाही. त्याने अवघड गणिते एकत्र बसून सोडवण्याची कार्यशाळा काढली, आणि त्या मुलांची प्रगती सर्वांच्या डोळ्यांत भरण्याजोगी झाली. १९९२ साली त्याने ही हकिकत लिहून प्रसिद्ध केली. प्रत्येक प्राध्यापकाने ती वाचावी.

आपल्याकडे हे एकटेपण अनेकदा लादलेले असते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी करण्यासाठी डॉ. सुखदेव थोरात ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. थोरात आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. २००७ साली समितीने अहवाल दिला. वसतिगृहात ह्या विद्यार्थ्यांना वेगळे पाडले जाणे, छळ, शिक्षकांचा दुरावा, आणि इंग्रजीच्या व मूळ विषयांच्या पूरक वर्गांचा अभाव हे तीत नोंदलेले आहे. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी ह्या आदिवासी पदव्युत्तर विद्यार्थिनीने जीवन संपवले. जातीवरून छळ झाल्याचा आरोप कुटुंबीयांनी केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. पायलला अभ्यास येत नव्हता असे कोणी म्हणू शकणार नाही. ती एमबीबीएस होऊन पुढे गेलेली होती. तेव्हा पद्धत शिकवली की जातीचा प्रश्न सुटला, असे समजणारा मनुष्य एक तर भोळा असतो किंवा लबाड.

तरीही पद्धत शिकवली पाहिजे, कारण पद्धत हीदेखील एक मालमत्ता आहे आणि तिची वाटणी झालेली नाही. डॉक्टरांच्या घरातल्या मुलाला कोणते पुस्तक वाचावे इतकेच कळते असे नाही. कोणते वाचू नये हेही कळते. तोंडी परीक्षेत काय विचारतात, जुन्या प्रश्नपत्रिका कशा वापरायच्या, कोणाच्या वह्या मागायच्या, हे त्याला जेवता जेवता मिळते. ह्या वारशाला पुढे 'गुणवत्ता' असे नाव पडते. आपल्या मुलाला ते कोणी सांगत नाही, आणि विचारायची त्याला लाज वाटते. मग तो तास वाढवतो.

म्हणून परत जाताना मी माझ्या विद्यार्थ्याकडून एक वचन घेतले: खोलीत एकटे बसायचे नाही. आपल्या जिल्ह्यातली, आपल्यासारखीच चार मुले शोध, आणि पाचवा एखादा वेगळ्या घरातला, वेगळ्या जातीतला घे. रात्री एक तास पुस्तके मिटून एकमेकांना विचारा. उरलेल्या दिवसांत रोज रात्री दहाला तो मला फोन करी. मी खोक्यातल्या प्रश्नांच्या माझ्याजवळच्या यादीतून पाच प्रश्न विचारी. त्यांतल्या तिहींची उत्तरे मलाही येत नसत. ती त्याने समजावून दिली.

पुरवणी परीक्षेत तो पास झाला. एका विषयात काठावर, दुसऱ्यात बऱ्यापैकी. हे मी चमत्कार म्हणून सांगत नाही. एका मुलाने काही सिद्ध होत नाही, हे विज्ञानाच्या शिक्षकाला कळते. सिद्ध करण्याचे काम वर सांगितलेल्या प्रयोगांनी केलेले आहे. माझ्या विद्यार्थ्याने एवढेच दाखवले की ते प्रयोग आमच्या विहाराच्या फरशीवरही लागू पडतात.

७

आता बाबासाहेबांकडे येतो. अठरा तास ही त्यांच्याविषयीची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट आहे, आणि आपण तीतला आकडा तेवढा उचलला. परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत, सारे झोपल्यावर, रामजीबाबा त्यांना रात्री दोनला अभ्यासाला उठवीत. पण त्याआधी त्यांना झोपवीत असत, हे आपण विसरतो. बाबासाहेबांचे ग्रंथ पाहा. त्यांत वाचलेल्याला विचारलेला प्रश्न आहे, टिपण आहे, उलटतपासणी आहे. दुसऱ्याचे म्हणणे आधी त्याच्याहून चांगले मांडायचे आणि मग ते खोडायचे, हे पुस्तक मिटल्याशिवाय कोणालाही जमत नाही. आणि आपल्या नापास मुलांना हेही सांगितले पाहिजे की लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा डी.एस्सी.चा प्रबंध १९२३ साली पहिल्या वेळी स्वीकारला गेला नाही. त्यांनी तो पुन्हा लिहिला, त्याच वर्षी पुन्हा सादर केला आणि पदवी मिळवली. परत आलेला कागद म्हणजे निकाल नव्हे. कुठे दुरुस्ती करायची ते तो दाखवतो.

येत्या १४ एप्रिलला आमच्या विहारात सतरंज्या पुन्हा अंथरल्या जातील. तास किती ते आम्ही मोजणार नाही. दर तासातली शेवटची पंधरा मिनिटे सर्वांची पुस्तके मिटलेली असतील; शेजारी बसलेला शेजाऱ्याला प्रश्न विचारील आणि ज्याला येणार नाही त्याला हसायचे नाही, एवढा एकच नियम राहील. प्रश्न विचारायला माझा तो विद्यार्थी येणार आहे. वाशीमच्या नव्या महाविद्यालयात आपली मुले आता शिकत आहेत. त्यांना भेटायला आपल्यापैकी कितीजण गेले? मिरवणुकीत आपण सारेच असतो. पहिल्या चाचणीनंतर रात्री दहाला फोन उचलणारा मनुष्य प्रत्येक मुलाला मिळाला पाहिजे. त्यासाठी वैद्यक यावे लागत नाही. पुस्तक मिटून "सांग बरं" एवढे म्हणता आले की पुरते.